विश्लेषण : एका चेंडूची किंमत किती? बेसबॉलमधला नावाजलेला 'क्लोजर' कोर्टाच्या पायरीपर्यंत कसा पोहोचला?

९ नोव्हेंबर २०२५. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सरकारी वकिलांनी एक आरोपपत्र उघड केलं आणि अमेरिकेच्या क्रीडाविश्वात खळबळ उडाली. त्यात दोन नावं होती. इमॅन्युएल क्लासे आणि लुईस ऑर्टिझ. दोघेही क्लीव्हलँड गार्डियन्स या बेसबॉल संघाचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू.

आरोप सामना हरण्याचा नव्हता. कोणता चेंडू खराब टाकायचा हे आधी सट्टेबाजांना सांगायचं, त्यांनी त्या एका चेंडूवर पैसे लावायचे आणि जिंकलेल्या रकमेतला वाटा घ्यायचा, असा आरोप आहे. दोघांनीही आपण निर्दोष असल्याचं कोर्टात सांगितलं आहे. हे आरोप सिद्ध होतात की नाही, हे कोर्टच ठरवेल.

पण निकाल काहीही लागला तरी एक प्रश्न उरतोच. ज्या खेळाडूची गणना त्याच्या कामातल्या जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये होत होती, ज्याच्याकडे सुमारे पावणेदोनशे कोटी रुपयांचा करार होता, त्याच्यावर काही हजार डॉलरसाठी एक चेंडू विकल्याचा आरोप कसा होऊ शकतो? याचं उत्तर शोधायचं तर आधी त्याचं काम काय होतं हे समजून घ्यावं लागेल.

'क्लोजर' म्हणजे नेमकं कोण?

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा असतो. सुरुवातीला जो पिचर येतो त्याला 'स्टार्टर' म्हणतात. तो साधारण पाच-सहा इनिंग टाकतो. त्याचा हात थकला की मैदानाच्या कडेला, 'बुलपेन' नावाच्या जागेत वॉर्मअप करत बसलेले दुसरे पिचर एकेक करून आत येतात. हे झाले 'रिलीफ पिचर'.

या रिलीफ पिचरमधला सगळ्यात भरवशाचा माणूस शेवटच्या, नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलेला असतो. तो 'क्लोजर'. आपला संघ एक ते तीन धावांनी पुढे आहे, समोरच्या संघाचे फक्त तीन गडी बाद करायचे बाकी आहेत, अशा वेळी त्याला बोलावलं जातं. त्याने आघाडी टिकवली तर त्याच्या नावावर 'सेव्ह' लागतो. नाही टिकवली तर 'ब्लोन सेव्ह'. इतर आठ इनिंगमध्ये संघाने कमावलेलं सगळं त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याच्या हातात असतं.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर शेवटची ओव्हर टाकायला बुमराच्या हातात चेंडू द्यावा तसं. फरक इतकाच की बुमरा सुरुवातीलाही गोलंदाजी करतो, मधेही करतो. क्लोजरचं सगळं करिअर त्या शेवटच्या ओव्हरमध्येच घडतं. १६२ सामन्यांच्या मोसमात तो साधारण ६० ते ७५ वेळा मैदानात उतरतो आणि बहुतेक वेळा एकच इनिंग टाकतो. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा हा या कामाचा मानदंड मानला जातो. त्याच्या नावावर ६५२ सेव्ह आहेत आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

क्लासे इथपर्यंत कसा पोहोचला?

इमॅन्युएल क्लासेचा जन्म १८ मार्च १९९८ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या रिओ सान हुआन या गावात झाला. कॅरिबियन समुद्रातला हा देश बेसबॉलवेडा आहे. मेजर लीग बेसबॉलच्या सगळ्या ३० संघांच्या तिथे अकादमी आहेत. सोळा-सतरा वर्षांची मुलं तिथे करारबद्ध होतात. त्यातली फार थोडी अमेरिकेच्या मोठ्या मैदानापर्यंत पोहोचतात.

क्लासेला २०१५ मध्ये सान दिएगो पाद्रेस संघाने घेतलं. २०१८ मध्ये तो टेक्सास रेंजर्सकडे गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्लीव्हलँडने आपला दोन वेळचा साय यंग पुरस्कार विजेता पिचर कोरी क्लूबर टेक्सासला दिला आणि बदल्यात जे खेळाडू घेतले त्यात क्लासे होता. साय यंग हा पिचरसाठीचा सर्वोच्च पुरस्कार. म्हणजे एवढा मोठा मोहरा देऊन ज्याला घेतलं, त्याच्याकडून अपेक्षा किती असतील याचा अंदाज येतो.

सुरुवात मात्र डागाळलेली होती. मे २०२० मध्ये क्लासेच्या चाचणीत बंदी असलेलं स्टिरॉइड सापडलं आणि त्याच्यावर ८० सामन्यांची बंदी आली. तो संपूर्ण मोसम त्याच्या हातून गेला.

२०२१ मध्ये तो परतला आणि फलंदाजांची झोप उडाली. त्याचं मुख्य अस्त्र होतं 'कटर'. शेवटच्या क्षणी किंचित वळणारा हा चेंडू तो ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेगाने टाकायचा. त्या मोसमात त्याने २४ सेव्ह मिळवले. २०२२ मध्ये ४२, २०२३ मध्ये ४४ आणि २०२४ मध्ये ४७. एप्रिल २०२२ मध्ये क्लीव्हलँडने त्याच्याशी पाच वर्षांचा, २ कोटी डॉलरचा करार केला. २०२२ आणि २०२४ मध्ये त्याला अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रिलीफ पिचर म्हणून मारियानो रिव्हेरा पुरस्कार मिळाला.

२०२४ चा मोसम तर थक्क करणारा होता. बेसबॉलमध्ये पिचरची कामगिरी दर नऊ इनिंगमागे त्याने किती धावा दिल्या यावर मोजतात. याला 'ईआरए' म्हणतात आणि चारच्या आसपासचा आकडा सर्वसाधारण मानला जातो. क्लासेचा आकडा होता ०.६१. साय यंगच्या मतदानात तो तिसरा आला. एखाद्या रिलीफ पिचरने इतकं वर येणं ही आताच्या काळात फारच दुर्मीळ गोष्ट आहे.

याच वर्षाच्या बाद फेरीत त्याची दुसरी बाजूही दिसली. संपूर्ण मोसमात मिळून जितक्या धावा त्याच्या खात्यावर लागल्या होत्या, त्याहून जास्त त्याने बाद फेरीच्या मोजक्या सामन्यांत दिल्या. यांकीजच्या ॲरन जज आणि जियानकार्लो स्टँटन यांनी त्याला लागोपाठ दोन होमरन मारले. क्लोजरचं आयुष्य असंच असतं. चाळीस वेळा सामना वाचवला तर ते त्याचं कामच असतं. पण ज्या रात्री तो चुकतो ती रात्र सगळ्यांच्या लक्षात राहते.

आरोपपत्रात काय म्हटलं आहे?

सरकारी पक्षाचं म्हणणं असं की हा प्रकार साधारण मे २०२३ पासून सुरू होता. क्लासे एका सट्टेबाजाला आधी कळवायचा की अमुक वेळी टाकला जाणारा चेंडू कसा असेल. कधी तो स्ट्राइक झोनच्या बाहेर असेल, कधी त्याचा वेग ठरावीक आकड्यापेक्षा कमी असेल. सट्टेबाज ॲपवरून नेमके तसेच पैसे लावायचे. सामना सुरू असतानाही फोनवरून संपर्क झाल्याचा आरोप आहे. सामन्यादरम्यान खेळाडूंना असा फोन वापरायला बंदी आहे.

क्लासेच्या चेंडूंवर सट्टेबाजांनी किमान ४ लाख डॉलर, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी रुपये कमावले, असं आरोपपत्र सांगतं. त्याचा सहकारी ऑर्टिझ जून २०२५ मध्ये यात आला, असा दावा आहे. ऑर्टिझ हा स्टार्टर. १५ जूनच्या सामन्यात ठरवून खराब चेंडू टाकण्यासाठी त्याला ५ हजार डॉलर आणि २७ जूनच्या सामन्यात ७ हजार डॉलर मिळाले, असं सरकारी पक्ष म्हणतो. त्याच्या चेंडूंवर सट्टेबाजांनी सुमारे ६० हजार डॉलर जिंकल्याचा आरोप आहे.

आरोपपत्रातली एक घटना या सगळ्या धंद्यावर बरंच काही सांगून जाते. २८ मे २०२५ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध क्लासेने ठरल्याप्रमाणे खराब चेंडू टाकला, असा आरोप आहे. पण समोरच्या फलंदाजाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने त्या खराब चेंडूवर बॅट फिरवली, ती हुकली आणि पंचांनी नियमाप्रमाणे 'स्ट्राइक' दिला. सट्टेबाजांचे पैसे बुडाले. समोरचा माणूस प्रामाणिकपणे खेळत असेल तर ठरवलेला डावही फसू शकतो.

दोघांवर फसवणुकीचा कट, लाच देऊन खेळावर प्रभाव टाकण्याचा कट आणि पैशांची अफरातफर लपवण्याचा कट असे आरोप आहेत. सगळे सिद्ध झाले तर कायद्याने कमाल शिक्षा ६५ वर्षांपर्यंत जाते. प्रत्यक्षात कमाल शिक्षा क्वचितच होते.

क्लोजरचाच चेंडू का?

क्रिकेटमध्ये वाइड टाकला की लगेच एक धाव जाते आणि चेंडू पुन्हा टाकावा लागतो. नो-बॉल टाकला तर बहुतेक ठिकाणी फ्री हिटचीही भीती. म्हणजे प्रत्येक खराब चेंडूची किंमत तिथल्या तिथे मोजावी लागते.

बेसबॉलमध्ये तसं नाही. स्ट्राइक झोनच्या बाहेर गेलेल्या चेंडूला 'बॉल' म्हणतात. असे चार बॉल झाले तरच फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो. पहिल्या बॉलला काहीच जात नाही. धाव नाही, बेस नाही. पिचरकडे पुढचे चेंडू नीट टाकून त्याच फलंदाजाला बाद करण्याची पूर्ण संधी असते. आणि पिचर क्लासेसारखा असेल तर तो बहुतेक वेळा बाद करतोही.

म्हणून पहिला चेंडू हा सामन्यातला सगळ्यात 'स्वस्त' चेंडू ठरतो. तो बिघडवला तरी सामना बिघडत नाही, सेव्ह हातचा जात नाही, आकडेवारीवर ओरखडा उठत नाही. मातीत आपटलेला एखादा चेंडू तर रोजच्या खेळाचाच भाग. संशय कुणाला यावा?

त्यात क्लोजरची वेळ ठरलेली असते. संघ नवव्या इनिंगमध्ये थोडक्या आघाडीवर आहे म्हटलं की कोण येणार हे मैदानातल्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत असतं. तो आत आला की पहिला चेंडू कोण टाकणार, कधी टाकणार, सगळं पक्कं. सट्टेबाजाला हवी असते ती हीच खात्री. आणि चेंडू कसा पडणार हे ठरवणारा माणूस एकच असतो. सामना फिक्स करायला पाच-सहा जण लागतात. एक चेंडू फिक्स करायला एकच पुरे.

थोडक्यात, ज्या गुणांमुळे क्लोजर संघाला मोलाचा वाटतो, म्हणजे ठरलेली वेळ, हुकमी हात आणि एकट्याच्या खांद्यावरची जबाबदारी, तेच गुण सट्टेबाजालाही मोलाचे वाटतात.

पण इतका पैसा असताना हे कशाला?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. पाच वर्षांत २ कोटी डॉलर म्हणजे वर्षाला सरासरी ४० लाख. वर्षाला ७० सामने धरले तर एका सामन्याचे ५० हजार डॉलरहून अधिक. असा माणूस पाच-सात हजार डॉलरच्या व्यवहारात कशाला पडेल?

क्लासे दोषी आहे की नाही हे बाजूला ठेवू. पण असे प्रकार इतर खेळांतही घडले आहेत आणि त्यात एक धागा सारखा दिसतो. बास्केटबॉलमधल्या एनबीएने एप्रिल २०२४ मध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर आजन्म बंदी घातली. तो आजारपणाचं किंवा दुखापतीचं कारण देऊन सामन्यातून लवकर बाहेर पडायचा, म्हणजे 'हा खेळाडू कमी गुण मिळवेल' असं म्हणून पैसे लावणारे जिंकायचे. पुढे त्याने कोर्टात गुन्हा कबूलही केला.

अशा व्यवहारात विकणाऱ्याच्या मनात हिशोब असा असतो की यात कुणाचं काय जातंय? संघ तर जिंकतोच आहे. सामना विकणं म्हणजे आपल्याच सहकाऱ्यांचा गळा कापणं, हे कुणालाही कळतं. एक चेंडू मातीत टाकणं हा गुन्हा वाटतच नाही. आणि गुन्हा वाटला नाही की त्याची किंमतही मोठी मागितली जात नाही. एकदा होकार दिला की मात्र समोरच्याच्या हातात पुरावा असतो आणि मग नाही म्हणण्याची सोय उरत नाही.

अमेरिकी कायदा याच पळवाटेवर बोट ठेवतो. तिथल्या कायद्यानुसार नोकरदाराने मालकाला प्रामाणिक सेवा देणं हा मालकाचा हक्क आहे. लाच घेऊन काम बिघडवलं तर नुकसान किती झालं हा प्रश्न दुय्यम ठरतो. शिवाय लाच देऊन खेळाच्या निकालावर प्रभाव टाकणं हा तिथे १९६४ पासून फेडरल गुन्हा आहे.

मुळात एका चेंडूवर पैसे लावता येतातच कसे?

मे २०१८ पर्यंत अमेरिकेत खेळांवरचा सट्टा नेवाडासारखे थोडे अपवाद वगळता कायद्याने बंद होता. १४ मे २०१८ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने ही केंद्रीय बंदी रद्द केली आणि निर्णय राज्यांवर सोडला. त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी सट्ट्याला परवानगी दिली. क्लीव्हलँड ज्या ओहायो राज्यात आहे तिथे १ जानेवारी २०२३ पासून तो कायदेशीर झाला.

सुरुवातीला लोक सामना कोण जिंकेल यावर पैसे लावायचे. पण सामना तीन तास चालतो आणि निकाल एकदाच लागतो. ॲप कंपन्यांना हवं होतं की माणसाने दर मिनिटाला फोन उघडावा. त्यातून आले 'मायक्रो बेट'. पुढचा चेंडू बॉल की स्ट्राइक? त्याचा वेग अमुकपेक्षा जास्त की कमी? एका बेसबॉल सामन्यात दोन्ही संघ मिळून तीनशेच्या आसपास चेंडू पडतात. म्हणजे पैसे लावण्याच्या तीनशे संधी.

यात लीगही नामानिराळी नाही. मेजर लीग बेसबॉलने नोव्हेंबर २०१८ मध्येच, म्हणजे कोर्टाच्या निकालानंतर सहा महिन्यांत, एमजीएम रिसॉर्ट्स या कॅसिनो कंपनीशी भागीदारी केली. आता प्रक्षेपणात, मैदानात, ॲपमध्ये सगळीकडे सट्ट्याच्या जाहिराती असतात. आणि त्याच लीगच्या लॉकर रूममध्ये खेळाडूंसाठी नियम लावलेला असतो की स्वतःच्या सामन्यावर पैसे लावाल तर कायमची बंदी. हा इशारा पोकळ नाही. जून २०२४ मध्ये तुकुपिता मार्कानो या खेळाडूवर याच नियमाने आजन्म बंदी घातली गेली.

क्रिकेटने हे आधीच पाहिलं आहे

भारतीय वाचकाला ही गोष्ट ऐकताना ऑगस्ट २०१० ची लॉर्ड्स कसोटी आठवल्याशिवाय राहणार नाही. मोहम्मद आमिर आणि मोहम्मद आसिफ यांनी ठरलेल्या चेंडूंवर नो-बॉल टाकले होते. कर्णधार सलमान बट कटात सामील होता. आमिर तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. लंडनच्या कोर्टाने तिघांनाही शिक्षा सुनावली.

२०१३ च्या आयपीएलमध्ये दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना मुंबईत अटक केली. एका ओव्हरमध्ये ठरलेल्या धावा द्यायच्या, असा तो आरोप होता. पोलिसांनी त्यांच्यावर 'मकोका' लावला. संघटित गुन्हेगारीला चाप लावण्यासाठी महाराष्ट्राने केलेला हा कायदा पुढे दिल्लीतही लागू झाला होता. पण जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिन्ही खेळाडूंना आरोपमुक्त केलं. क्रिकेट मंडळाने मात्र त्याआधीच स्वतंत्र कारवाई केली होती.

टोळ्यांसाठीचा कायदा गोलंदाजाच्या एका ओव्हरला लावायला लागावा, यातच अडचण कुठे आहे हे दिसतं. अमेरिकेत सहा दशकांपूर्वीच खेळातल्या लाचखोरीसाठी वेगळा कायदा झाला.

आणखी एक मोठा फरक आहे. भारतातला क्रिकेटचा सट्टा बेकायदा, म्हणून तो अंधारात चालतो. त्याची नोंद बुकीच्या वहीत असते. अमेरिकेतला सट्टा ॲपवर चालतो, नोंदीसकट. त्यामुळेच हे प्रकरण बाहेर आलं. ऑर्टिझच्या दोन चेंडूंवर एरवीपेक्षा फार जास्त पैसे लागल्याचं सट्ट्यावर नजर ठेवणाऱ्या एका कंपनीच्या लक्षात आलं आणि तिने इशारा दिला. जुलैच्या सुरुवातीला ऑर्टिझला आणि २८ जुलैला क्लासेला लीगने सक्तीच्या रजेवर पाठवलं.

म्हणजे कायदेशीर बाजाराने एका हाताने मोह निर्माण केला आणि दुसऱ्या हाताने चोर पकडायला मदत केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२०० डॉलरची मर्यादा पुरेशी आहे का?

आरोपपत्र उघड झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, लीगने नवा नियम जाहीर केला. एका चेंडूवर जास्तीत जास्त २०० डॉलर लावता येतील. शिवाय असा सट्टा इतर सट्ट्यांशी जोडून मोठी रक्कम जिंकण्याची सोय बंद. अमेरिकेतला ९८ टक्क्यांहून अधिक सट्टा हाताळणाऱ्या कंपन्यांनी याला होकार दिला. त्याआधी जुलैअखेरीस ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी तर अशा सूक्ष्म सट्ट्यावर पूर्ण बंदी घालण्याची मागणी केली होती.

मर्यादेचा फायदा नक्की आहे. एका खात्यावरून २०० डॉलरच लावता येत असतील तर खेळाडूला ५ हजार डॉलर द्यायला परवडणार नाही. व्यवहाराचं गणितच बिघडतं. पण वीस-पंचवीस जणांनी वेगवेगळ्या खात्यांवरून पैसे लावले तर? तेव्हा भार पुन्हा नजर ठेवणाऱ्यांवरच येतो.

मूळ प्रश्न रकमेचा नाही. ज्या गोष्टीचा निकाल एकच माणूस, कुणालाही न विचारता, स्वतःचं काहीही न गमावता ठरवू शकतो, त्यावर बाजार मांडावाच का, हा प्रश्न आहे. सामना कोण जिंकेल हे ठरवायला दोन संघ लागतात. पुढचा चेंडू कुठे पडेल हे ठरवायला एक मनगट पुरतं. पहिल्याला खेळच संरक्षण देतो. दुसऱ्याला फक्त खेळाडूची नियत. मर्यादेने या दुसऱ्या बाजाराचा दर कमी केला, दुकान उघडंच ठेवलं.

याची किंमत कोण मोजतो?

पहिली किंमत प्रामाणिक खेळाडू मोजतात. मे २०२५ मध्ये बॉस्टनचा रिलीफ पिचर लिअम हेंड्रिक्स, जो कर्करोगातून बरा होऊन मैदानावर परतला होता, त्याने आपल्याला आणि बायकोला सोशल मीडियावर येणाऱ्या धमक्यांबद्दल जाहीरपणे सांगितलं. त्याच महिन्यात ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅक्कलर्सच्या मुलांना मारण्याची धमकी आली. पोलिसांनी माग काढला तेव्हा ती परदेशातल्या एका माणसाने पाठवल्याचं समोर आलं. सट्ट्यात पैसे हरल्याचा तो राग होता. आता यापुढे कुठल्याही क्लोजरचा पहिला चेंडू बाहेर गेला की कमेंटमध्ये 'किती घेतले?' हा प्रश्न येणारच. बहुतेक वेळा त्या चेंडूमागे घामाने निसटलेल्या बोटांपलीकडे काहीही नसेल.

दुसरी किंमत चाहते मोजतात. क्लासेने वाचवलेले सामने गार्डियन्सने जिंकलेलेच आहेत, ते कुणी काढून घेणार नाही. पण त्या रात्री स्टेडियममध्ये उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्याला आता मागे वळून प्रत्येक चेंडू तपासावासा वाटतो.

गंमत म्हणजे दोघे बाहेर गेल्यावर गार्डियन्सचा संघ कोसळला नाही. केड स्मिथ या तरुण पिचरने नववी इनिंग सांभाळली. एकेकाळी डेट्रॉइट टायगर्सच्या साडेपंधरा सामने मागे असलेल्या या संघाने २०२५ मध्ये आपला विभाग जिंकला. विभागीय शर्यतीत इतकी मोठी पिछाडी याआधी कुणीच भरून काढली नव्हती. जो माणूस नसेल तर सामना हातचा जाईल असं वाटत होतं, त्याच्याशिवायही खेळ पुढे गेला.

क्लासेसाठी मात्र रस्ता अवघड आहे. बेसबॉलच्या इतिहासात एक जुनं उदाहरण आहे. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर झाला. १९२१ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. तरीही आयुक्त केनेसॉ लँडिस यांनी दुसऱ्याच दिवशी स्पष्ट केलं की हे आठ जण पुन्हा कधीही खेळणार नाहीत. आणि ते खेळले नाहीत. कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो. खेळ संशयावरही दार बंद करू शकतो.

पुढच्या वेळी आयपीएल बघताना किंवा एखादं ॲप 'पुढच्या चेंडूवर काय होईल?' असं विचारत असेल तेव्हा एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. तुमच्यासाठी तो अंदाज असतो. पण तो चेंडू ज्याच्या हातात आहे, त्याला उत्तर आधीच माहीत असू शकतं.